रस्ते सगळ्यांसाठीच होते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. प्राचीन जगाच्या इतिहासाचा एक पेपर असायचा आणि त्यात एक प्रश्न हमखास यायचा : ‘रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माचा प्रसार होण्याची कारणे लिहा.’ उत्तरही ठरलेलं होतं. रोमन शांतता, उत्तम रस्ते, ग्रीक भाषा, ठिकठिकाणच्या ज्यू वस्त्या आणि शेवटी सम्राट कॉन्स्टंटाइनचा राजाश्रय. पाच कारणं, प्रत्येकी दोन गुण. मी फळ्यावर लिहायचो, मुलं वहीत उतरवून घ्यायची.

एके वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते, एवढंच मला त्याच्याविषयी माहीत होतं. तो म्हणाला, “सर, रस्ते तर सगळ्यांसाठीच होते ना? भाषापण सगळ्यांचीच. मग बाकीचे का नाही पसरले?” वर्ग हसला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, “परीक्षेत एवढंच विचारतात.” तो खाली बसला.

प्रश्न बरोबर होता. उत्तर मला येत नव्हतं, आणि येत नाही असं सांगण्याचा धीरही मला झाला नाही. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो. आज जे सांगणार आहे ते त्या मुलाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी फळ्यावरची कारणं पाहू. ती खोटी नव्हती.

येशू ख्रिस्ताला यरुशलेममध्ये क्रुसावर दिलं गेलं ते साधारण इसवी सन ३० च्या सुमारास. त्याच्या आधीची शंभर वर्षं भूमध्य समुद्राभोवतीचं जग रक्तानं न्हाऊन निघालं होतं. समुद्रात चाच्यांचा इतका सुळसुळाट होता की रोमला धान्य पोचणं मुश्कील झालं. इ.स.पू. ६७ मध्ये पॉम्पी या सेनापतीनं त्यांचा बंदोबस्त केला. पुढे रोममधली यादवी संपली आणि इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टस सर्वसत्ताधीश झाला. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत सिरियातून निघालेला माणूस स्पेनपर्यंत एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, एकच नाणं खिशात ठेवून जाऊ शकत होता. अशी सोय त्या भागाला आधी कधी नव्हती, आणि नंतरही फार काळ लाभली नाही.

रोमनांच्या पक्क्या मुख्य रस्त्यांची लांबी सुमारे ८० हजार किलोमीटर होती असं सांगतात. त्यातला एकच रस्ता घेऊ. आजच्या अल्बानियाच्या किनाऱ्यावरून निघून उत्तर ग्रीसमधून पूर्वेकडे जाणारा व्हिया एग्नाशिया. लांबी साधारण अकराशे किलोमीटर. इ.स.पू. दुसऱ्या शतकात रोमनांनी तो बांधला तो सैन्याची हालचाल जलद व्हावी म्हणून. त्याच रस्त्यावर फिलिप्पै आणि थेस्सलनीका ही गावं आहेत. बायबल वाचणाऱ्यांना ही नावं ओळखीची वाटतील, कारण पौलाची पत्रं या गावांना लिहिलेली आहेत. पौल, म्हणजे ज्याला आपण इंग्रजी वळणानं सेंट पॉल म्हणतो तो, याच रस्त्यानं फिलिप्पैहून थेस्सलनीकेला गेला. फिलिप्पैच्या अवशेषांत आजही त्या रस्त्याच्या फरशा दिसतात.

पौल तंबू शिवणारा कारागीर होता. या हुन्नराचा फायदा असा की हत्यारं झोळीत मावतात आणि काम कुठल्याही शहरात मिळतं. तो जन्मानं ज्यू, गाव तार्स, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. ग्रीक त्याला सफाईनं लिहिता येई. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात म्हटल्याप्रमाणे तो रोमचा नागरिकही होता. त्या काळच्या जगानं दिलेल्या सगळ्या सोयी या एका माणसात एकत्र आलेल्या दिसतात. त्याच ग्रंथात त्याच्या शेवटच्या प्रवासाचं वर्णन आहे. अलेक्झांड्रियाहून इटलीला निघालेलं गव्हाचं जहाज, त्यावर २७६ माणसं, हंगाम संपल्यावर केलेला प्रवास, वादळ आणि माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज. इजिप्तचा गहू रोमला पोचवणाऱ्या जहाजावर हा कैदी पौलही होता. मालाबरोबर माणूस जातो आणि माणसाबरोबर त्याचे विचार जातात.

आता भाषा. येशू अरामी बोलत असे. पण ‘नव्या करारा’तले सगळे सत्तावीस ग्रंथ ग्रीकमध्ये आहेत. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला, त्याचं साम्राज्य फुटलं, पण त्याच्या सैनिकांची नि व्यापाऱ्यांची ग्रीक मागे राहिली. ती विद्वानांची ग्रीक नव्हती. इजिप्तच्या वाळूत पेपायरसचे हजारो तुकडे सापडले : कराच्या पावत्या, सावकारी करार, घरच्यांना लिहिलेली पत्रं. ते वाचल्यावर लक्षात आलं की नव्या कराराची भाषा याच बाजारच्या, घरच्या ग्रीकच्या जवळची आहे. फार काय, रोम शहरातले सुरुवातीचे ख्रिस्ती लोकदेखील प्रार्थना ग्रीकमध्येच करत. लोकांच्या भाषेत बोलण्याचं हे महत्त्व या धर्माचे प्रचारक पुढेही विसरले नाहीत. गोव्यात १६१६ साली छापलं गेलेलं फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे.

तिसरी गोष्ट ज्यू वस्त्यांची. पॅलेस्टाइनबाहेर जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात ज्यूंची वस्ती आणि सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, होतं. त्यांचे धर्मग्रंथ इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात ग्रीकमध्ये येऊ लागले होते. त्यामुळे ज्यू नसलेली माणसंही सिनेगॉगमध्ये येऊन ऐकत बसत. एकच देव, नीतीचे नियम, आठवड्याची सुट्टी हे त्यांना आवडे. पण सुंता आणि खाण्यापिण्याचे निर्बंध जमत नसत. अशांना ‘देवभीरू’ म्हणत. तुर्कस्तानातल्या अफ्रोडिसियास इथं १९७६ मध्ये एक शिलालेख सापडला. तो काळानं बराच नंतरचा आहे, पण त्यात ज्यूंच्या नावांबरोबर अशा देवभीरूंची पन्नासेक नावं स्वतंत्रपणे कोरलेली आहेत. हे लोक उंबरठ्यावर उभे होते. इसवी सन ४८-४९ च्या सुमारास यरुशलेममधल्या बैठकीत ठरलं की बाहेरून येणाऱ्यांना सुंतेची सक्ती नको. उंबरठ्यावरच्या माणसांना आत येण्याची वाट मोकळी झाली.

आणखी एक सोय पाठ्यपुस्तकात नसते. सुरुवातीला रोमन अधिकाऱ्यांना हा ज्यूंचा घरगुती तंटा वाटे. करिंथमध्ये पौलाविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा गॅलिओ या प्रांताधिकाऱ्यानं ती ऐकूनही घेतली नाही. तुमचं तुम्ही पाहा, म्हणाला. डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखावरून गॅलिओचा कार्यकाळ सन ५१-५२ च्या आसपास ठरतो आणि त्याच खुंटीवर पौलाच्या चरित्रातल्या तारखा टांगलेल्या आहेत. थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं त्याचं पत्र याच सुमाराचं. नव्या करारातला बहुधा तोच सगळ्यांत जुना मजकूर.

तर शांतता, रस्ते, भाषा, सिनेगॉग. इथपर्यंत माझा फळा बरोबर होता. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी आपल्याला सिरियाच्या वाळवंटात, युफ्रेटिस नदीच्या काठी जायला हवं.

तिथं दुरा-युरोपोस नावाचं ठाण्याचं गाव होतं. सन २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी सैन्यानं ते घेतलं आणि गाव ओस पडलं. वेढ्याच्या वेळी रोमनांनी पश्चिमेचा तट भक्कम करण्यासाठी तटालगतच्या गल्लीतल्या इमारती मातीनं भरून टाकल्या होत्या. त्या मातीनं पोटातल्या भिंती जवळजवळ सतराशे वर्षं सांभाळल्या. १९२० आणि १९३० च्या दशकांत तिथं उत्खनन झालं तेव्हा काय निघालं? एकाच तटाच्या आडोशाला, चालत काही मिनिटांच्या अंतरात, ज्यूंचं सिनेगॉग, मिथ्रास या देवाचं मंदिर आणि ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर. शिवाय गावभर ग्रीक आणि सिरियन देवांची देवळं होतीच.

म्हणजे रस्त्यानं सगळेच आले होते. मिथ्रासची मंदिरं लंडनपासून युफ्रेटिसपर्यंत सापडतात. इजिप्तची इसिस देवी तर इटलीत पॉम्पेईपर्यंत पोचली होती. रस्ते ख्रिस्ती लोकांनी मागितले नव्हते आणि त्यांच्यासाठी ते कुणी बांधलेही नव्हते. ज्या राज्यानं ते बांधले, त्याच राज्यानं येशूला क्रुसावर दिलं होतं. मुलगा म्हणाला ते खरं होतं. मग फरक कुठे पडला?

दुरातलं ते ख्रिस्ती प्रार्थनाघर पाहिलं की उत्तराची एक बाजू हाती लागते. ते मंदिर नव्हतंच. ते एक साधं राहतं घर होतं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसं बसतील एवढी जागा केली होती आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं होतं. त्या खोलीच्या भिंतींवर चित्रं होती : खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, विहिरीवर पाणी काढणारी बाई, रांगेनं चालत येणाऱ्या स्त्रिया. ती चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. गावाच्या अवशेषांची मात्र सिरियातल्या यादवी युद्धात चोरट्या खोदकामांनी चाळण झाली.

शेजारच्या मिथ्रासच्या मंदिरात काय होतं? तिथं पुरुष जमत, बरेचसे सैनिक. मिथ्रासच्या दीक्षेत बायकांना जागा असल्याचा पुरावा मिळत नाही. म्हणजे शिपाई देवाला जाई आणि त्याची बायको-मुलं दुसऱ्या देवाला. इसिसच्या उपासनेत बायका असत, पण इसिसचा भक्त सकाळी तिच्याकडे आणि संध्याकाळी आणखी कुठे जाऊ शकत होता. एका देवाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याला काही सोडावं लागत नसे. ख्रिस्ती मंडळीत आलं की बाकी सगळं सोडावं लागे, आणि येताना बहुधा घरच्या घर येई. फिलिप्पैमध्ये पौलाला पहिल्यांदा घरात घेणारी लुदिया जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी होती आणि तिच्याबरोबर तिच्या घरच्यांनीही बाप्तिस्मा घेतला. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल पंचवीसएक माणसांची नावं घेऊन नमस्कार कळवतो. त्यांत बऱ्याच बायका आहेत. ज्या फिबीची तो त्या पत्रात शिफारस करतो, तिनंच ते पत्र करिंथजवळच्या बंदरातून रोमला नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. रस्त्यानं फक्त पौल चालत नव्हता.

बायका या मंडळींकडे का आल्या असतील? इजिप्तच्या वाळूतच एक पत्र सापडलं आहे. इ.स.पू. १ मधलं. हिलारियॉन नावाचा मजूर अलेक्झांड्रियात कामाला गेला आहे आणि गावी गरोदर बायकोला, अ‍ॅलिसला, लिहितो आहे. काळजी करू नकोस, मजुरी मिळाली की पैसे पाठवतो, लहानग्याला जप. आणि त्याच ओघात : मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. पत्र प्रेमाचं आहे, म्हणून ते जास्त लागतं. त्या समाजात नको असलेलं मूल उकिरड्यावर टाकणं ही बोलण्यासारखीसुद्धा गोष्ट नव्हती. ज्यूंना हे मान्य नव्हतं आणि त्यांच्याकडून हा निषेध ख्रिस्ती लोकांनी घेतला. वर्गात हे पत्र मी कधी वाचून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं. मुली नकोशा असणं काय असतं हे माझ्या वर्गातल्या मुलींना मी समजावण्याची गरज नव्हती.

आता पैशाची गोष्ट. रोमन शहरांत गावाकडून आलेली, नात्यागोत्यातून तुटलेली माणसं फार. मेल्यावर आपल्याला कोण पुरणार, ही त्यांची मोठी धास्ती. म्हणून लोक मंडळं काढत, आपल्याकडच्या भिशीसारखी. रोमजवळच्या लानुव्हियममध्ये सन १३६ मधल्या अशा एका मंडळाची नियमावली दगडावर कोरलेली सापडली. प्रवेश फी १०० सेस्टर्स आणि चांगल्या दारूचा एक रांजण. शिवाय महिन्याची वर्गणी. १०० सेस्टर्स म्हणजे तेव्हाच्या सैनिकाच्या जवळपास महिनाभराच्या पगाराएवढी रक्कम. वर्गणी भरली तर अंत्यविधी होणार.

सुमारे साठ वर्षांनी, सन १९७ च्या आसपास, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा तर्तुल्यान हा ख्रिस्ती लेखक आपल्या लोकांची बाजू मांडतो. आमचीही महिन्याची पेटी आहे, तो सांगतो, पण कुणावर सक्ती नाही. ज्याला जमेल त्यानं, जमेल तेवढं टाकावं. मेजवान्यांसाठी ते पैसे नाहीत. गरिबांना खायला घालायला आणि पुरायला, अनाथ मुलांसाठी, म्हाताऱ्या झालेल्या गुलामांसाठी, जहाज फुटून उघड्यावर पडलेल्यांसाठी, खाणीत सक्तमजुरीला पाठवलेल्यांसाठी ते आहेत. सांगाडा तोच, मंडळाचा. तो त्या काळानं तयार ठेवलेला होता. फक्त प्रवेश फी काढून टाकली होती. सन २५१ मध्ये रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात लिहितो की आमची मंडळी दीड हजारांहून जास्त विधवा आणि गरजूंना पोसते. ही मंडळी अजून कायद्यानं मान्यही नव्हती, त्या वेळची ही गोष्ट.

आणि मग साथी. सन १६५ च्या सुमारास पूर्वेकडून परतणाऱ्या सैन्याबरोबर एक भयंकर साथ आली, ती पंधरा-वीस वर्षं अधूनमधून डोकं वर काढत राहिली. दुसरी साथ सन २५० च्या आसपास आली. विचार करा, ज्या रस्त्यांचं मी फळ्यावर कौतुक लिहीत होतो, त्याच रस्त्यांनी आणि त्याच जहाजांनी रोग आणला. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की लोक आपल्याच घरच्या आजाऱ्यांना टाकून पळाले आणि आमच्या माणसांनी मात्र आजाऱ्यांची सेवा केली, त्यात कित्येक मेले. कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं लोकांना कामं वाटून दिली आणि ही मदत केवळ आपल्या माणसांपुरती ठेवली नाही, असं त्याचा चरित्रकार सांगतो. हे सगळे साक्षीदार एकाच बाजूचे आहेत, हे मला मान्य आहे. पळून न गेलेले इतर लोकही असतीलच. पण रॉडनी स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९९६ च्या आपल्या पुस्तकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. औषध नसतानाही तापलेल्या माणसाला कुणी वेळेवर पाणी आणि पेज दिली, तर बरेच जण वाचतात. जो वाचतो तो पाणी देणाऱ्याला विसरत नाही. २०२० मध्ये दारं बंद करून बसलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच स्टार्कनं एक हिशेब मांडला. तो अंदाज आहे, शिरगणती नव्हे. सन ४० मध्ये ख्रिस्ती लोक एक हजार धरा आणि दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ धरा. म्हणजे शंभर माणसांच्या मंडळीत वर्षाला तीन-चार नवी माणसं. या गतीनं सन १०० मध्ये होतात जेमतेम साडेसात हजार. सहा कोटींच्या साम्राज्यात ते कुणाच्या खिजगणतीतही नसणार. सन २०० मध्ये सव्वादोन लाखांच्या आत. आणि सन ३०० मध्ये ६० लाखांच्या पुढे. चमत्कार लागत नाही आणि तलवारही लागत नाही. शेजारी, मेहुणा, बरोबर काम करणारा गुलाम, एवढी माणसं पुरतात.

तलवार होती, पण ती दुसऱ्या हातात होती. सन ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या प्रांताचा अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला विचारतो, या लोकांचं काय करू? सगळ्या वयाचे, सगळ्या थरांतले, बायका नि पुरुष, शहरांतून आता खेड्यांपर्यंत पसरलेत. खरं काय ते कळावं म्हणून त्यानं दोन बायकांचा छळ करून चौकशी केली. त्या गुलाम होत्या आणि मंडळीत सेविकेच्या पदावर होत्या. एवढा मोठा अधिकारी या धर्माचे कुणी प्रमुख शोधायला गेला आणि समोर दोन गुलाम बायका आल्या. ट्राजननं उत्तर दिलं, मुद्दाम शोधू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण सिद्ध झालं तर शिक्षा करा. बराच काळ हे असंच चाललं. छळ स्थानिक, अधूनमधून. सन २४९-५० मध्ये डेशियस सम्राटानं मात्र सगळ्यांनी देवांना बळी देऊन तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. इजिप्तमध्ये असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोक घाबरून दाखले घ्यायला गेले, हे सिप्रियननंच लिहून ठेवलं आहे. सगळेच शूर नव्हते. ते आपल्यासारखेच होते.

म्हणून माझ्या फळ्यावरचं पाचवं कारण मला आज खोडावंसं वाटतं. निदान त्याची जागा बदलावी लागेल. कॉन्स्टंटाइन सन ३१२ च्या लढाईनंतर या धर्माकडे वळला आणि ३१३ मध्ये धर्मस्वातंत्र्य जाहीर झालं. तोपर्यंत हा धर्म साम्राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात होता. राजा बी पेरायला आला नव्हता, पीक उभं राहिल्यावर बांधावर आला.

राजा आल्यावर मात्र बरंच काही बदललं. सन ३२५ मध्ये नायसिया इथं बिशपांची परिषद भरली, तेव्हा त्यांच्या प्रवासासाठी सरकारी गाड्या-घोडे दिले गेले. काही वर्षांतच बिशप सभांसाठी इतके फिरू लागले की सरकारी टपालव्यवस्थाच मोडकळीला आली, अशी तक्रार अमियानस हा इतिहासकार करतो. ज्या रस्त्यानं पौल पायी गेला होता, त्या रस्त्यानं आता सरकारी खर्चानं वऱ्हाडं निघू लागली. सन ३८० मध्ये थिओडोसियसनं या धर्माला अधिकृत केलं. नंतरच्या दशकात जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आली आणि अलेक्झांड्रियाचं सेरापिसचं प्रख्यात मंदिर फोडलं गेलं. कालपर्यंत दाखले मागितले जात होते, ते आता दाखले मागणाऱ्यांत जाऊन बसले. हा भागही त्याच इतिहासात आहे आणि तो झाकून पहिल्या तीन शतकांची गोष्ट सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. तसंच या नंतरच्या सक्तीवरून पहिल्या तीन शतकांना तलवारीच्या खात्यात टाकणंही बरोबर नाही.

राजाश्रयाशिवायही हा धर्म चालत राहिल्याचा पुरावा आपल्या किनाऱ्याजवळ येतो. रोमच्या सरहद्दीपलीकडे इराणमध्ये ख्रिस्ती मंडळी वाढली ती दुसऱ्या धर्माच्या राजांच्या अमलात, आणि कधी त्यांचा छळ सोसत. तिथले लोक व्यापाराच्या वाटेनं पुढे सरकले. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भारतात मलबारच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती लोक आहेत आणि ‘कल्लियाना’ इथं इराणमधून नेमून आलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींच्या मते ते केरळातलं कोल्लम. कल्याण असेल तर तिथं रोमचा सम्राट नव्हता, रोमचा रस्ताही नव्हता. मोसमी वारा होता, बंदर होतं आणि मालाबरोबर आलेली चार माणसं.

धर्म कसे पसरतात याविषयी आपण हल्ली फार चटकन बोलतो. कुणी म्हणतं तलवारीनं, कुणी म्हणतं आमिषानं, कुणी म्हणतं देवाच्या इच्छेनं. तिन्ही उत्तरांत माणूस नसतो. ज्यानं धर्म बदलला त्याला काय दिसलं, काय मिळालं, काय सोडावं लागलं, हे कुणी विचारत नाही. माझ्या फळ्यावरच्या पाच कारणांतही माणूस नव्हता. परिस्थिती होती. परिस्थितीनं रस्ता दिला, भाषा दिली, मंडळाचा सांगाडा दिला, साथही दिली. त्या रस्त्यानं सगळेच आले. पण रस्ता संपल्यावर कुणाच्या तरी घराचं दार लागतं आणि त्या दारातून गुलाम बाई, विधवा, तापानं फणफणलेला परका माणूस आत घेतला जातो की नाही, हे रस्ता ठरवत नाही. पहिली अडीच-तीनशे वर्षं या लोकांनी बरेचदा ते दार उघडं ठेवलं. माझ्या मते फरक तिथं पडला.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. हे भाषण त्याच्या कानावर पडलं तर त्याला एवढंच सांगायचं आहे : बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. त्या दिवशी तास संपायला अजून दहा मिनिटं होती.